जकात कशावर?

भद्रसेन महाराजांचं राज्य मोठं, पण गादी टिकलेली नगरशेट रतनशेटच्या पाठिंब्यावर. म्हणून रतनशेट म्हणेल तो कायदा! त्यानं महाराजांच्या कानाशी लागून नवं फर्मान काढून घेतलं. किनाऱ्यावरच्या चिमुकल्या हेदवण राज्यातून टरफलासकट काजूबी आली तर जकात माफ. सोललेल्या काजूगरांवर मात्र भरमसाट जकात. हेदवणात काजू सोलणाऱ्या बायकांच्या चुली विझायची वेळ आली, तेव्हा तिथली वकील सगुणाबाई दरबारात हजर झाली.

“गरिबांवर आमची मेहेरनजर आहेच,” महाराज मिशीवर ताव देत म्हणाले. “तुमची बी येऊ देतो ना बिनजकात!”

सगुणाबाईनं नजराण्याचं ताट पुढं केलं. महाराजांनी आयुष्यात फक्त गरच पाहिलेले. त्यांनी टरफलासकट बी उचलून थेट दाताखाली धरली.

“थांबा! टरफलातल्या तेलानं तोंड पोळेल,” सगुणाबाई ओरडली. “गरच आणले होते, पण ते तुमच्या नाक्यावर अडकले. आता शेटजींनीच सोलून द्यावेत.”

रतनशेटनं अंगठ्यांनी भरलेले हात झटकन मागं घेतले. “छे, छे! आम्हाला कुठलं जमायला? माझ्या कारखान्यात सोलायला हेदवणच्याच बायका आणणार आहे मी.”

सगुणाबाई हसली. “म्हणजे बी आमची, हातही आमचेच. नाक्याच्या पलीकडं सोललं तर जकात, अलीकडं सोललं तर माफ! महाराज, मग ही जकात काजूवर नाहीच. आमच्या बायकांनी स्वतःच्या घरी राहण्यावर आहे.”

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी ते ताट रतनशेटच्या पुढ्यात सरकवलं. “शेटजी, जकात उठेपर्यंत तुमचं जेवण हेच.”

जेवणाची वेळ व्हायच्या आत नाका मोकळा झाला. मोकळा करायला शेटजी स्वतः धावले होते.