शून्य अटकांचं शहर

एकदा एका राज्यशास्त्राच्या वृद्ध आचार्यांकडे त्यांचा शिष्य आपला अहवाल घेऊन आला. नव्या डिजिटल साधनांनी सरकारची दडपशाही वाढते की घटते, हा त्याच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी त्याने खाडीकाठचं एक छोटं शहर निवडलं होतं. तिथल्या नगरपालिकेने चौकाचौकांत चेहरे ओळखणारे कॅमेरे बसवले होते आणि रेशनपासून नळजोडणीपर्यंत प्रत्येक काम एकाच सरकारी अ‍ॅपला जोडलं होतं. शिष्याने पोलीस ठाण्यातल्या नोंदी पाहिल्या, घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या. कॅमेरे येण्याआधी तिथे मोर्चे निघत, धरपकड होई. कॅमेरे आल्यापासून एकही अटक झालेली नव्हती. लोकही म्हणत होते, सगळं छान चाललंय.

हा अहवाल सरकारी समितीपुढे जायचा होता. समितीने मान डोलावली, की तीच व्यवस्था राज्यातल्या सगळ्या शहरांत लागू होणार होती. शिष्याला त्यातून समितीवर जागा मिळण्याची आशा होती, आणि आशा लागलेल्या माणसाला आकडे फार लवकर पटतात.

आचार्यांनी अहवाल शांतपणे वाचला. "आकडे चोख आहेत," ते म्हणाले. "पाठवण्याआधी एकदा तिथला शिमगा बघून येऊ."

शिष्याला नवल वाटलं, पण तो निमूटपणे निघाला.

त्या शहराची एक जुनी रीत होती. शिमग्यात, अधिकारपदावर जो कोणी असेल त्याचं सोंग काढायचं आणि वाजतगाजत त्याच्याच दारात न्यायचं. त्याने आपली नक्कल सगळ्यांदेखत बघायची, हसायचं आणि सोंगाच्या हातावर शिमग्याचं पोस्त म्हणून चार पैसे ठेवायचे. फौजदार असो की नगराध्यक्ष, यातून कुणी सुटलं नव्हतं. शिष्याने हे मुलाखतींत ऐकलं होतं. सोंगांचा राज्यशास्त्राशी काय संबंध, असं वाटून त्याने ते अहवालात घेतलं नव्हतं.

ते पोहोचले तेव्हा ढोल जोरात वाजत होते. वाघ नाचत होता, अस्वल नाचत होतं, काळ्या झग्यातलं शंकासुराचं सोंग पोरांच्या मागे धावत होतं. नगराध्यक्षांचं सोंग मात्र कुठेच दिसेना. आचार्य सोंगांचे मुखवटे करणाऱ्या भिकाजी मेस्त्रींच्या ओसरीवर जाऊन बसले.

"मेस्त्री, नगराध्यक्षांचा मुखवटा मिळेल का?"

मेस्त्रींनी आधी शिष्याच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग समोरच्या खांबावरच्या कॅमेऱ्याकडे. "आता नाय करत मी तो."

"कुणी मनाई केली?"

"छे हो! कोण काय बोलला नाय." मेस्त्री मुखवट्याला रंग देत राहिले. "मागल्या खेपेला ज्याने ते सोंग घेतलं ना, त्याचं रेशन अडकलं. मोबाइलवर नुसतं येतंय, तपासणी चालू आहे. मशीनचाच घोळ असणार. पण उगाच कशाला?"

उतरले होते त्या लॉजवर परतून आचार्यांनी सदऱ्याच्या आत उशी बांधली, खांद्यावर उपरणं टाकलं आणि शिष्य हां हां म्हणेपर्यंत ते भर चौकात, कॅमेऱ्याच्या खांबाखाली जाऊन उभे राहिले. शहरभर लागलेल्या फलकांवर नगराध्यक्ष जसे दिसत, अगदी तसे ते चालू लागले. पोट पुढे, हात जोडलेले आणि डोळे फोटोग्राफर कुठे आहे ते शोधणारे. ज्यांच्यापुढे मोठमोठे विद्वान चळचळा कापत, ते हे गृहस्थ भर दुपारी उशी सावरत चौकातून मिरवत होते.

कुणी हसलं नाही. ढोलाचा ताल चुकला आणि मग थांबला. एका बाईने आपल्या मुलाला ओढून घरात नेलं. वाघाने मुखवटा काढला होता, तो घाईघाईने पुन्हा चढवला. सगळे कुठेतरी दुसरीकडे पाहू लागले. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आचार्य लॉजवर येऊन उशी सोडू लागले, तेव्हा शिष्य न राहवून म्हणाला, "सर, हे काय केलंत तुम्ही?"

"नक्कल वाईट झाली का?"

"नाही. हुबेहूब होती."

"मग कुणी हसलं का नाही?"



आचार्य खाटेवर बसले. "तू अटका मोजल्यास. अटक कुणाला होते? जो अजून बोलतो आहे त्याला. जिथे माणूस हसू ओठांवर येण्याआधीच गिळून टाकतो, तिथे शिपायाला काय काम उरतं? दडपशाही अर्धवट असते तोवर तिचे आकडे मिळतात. ती पूर्ण झाली की आकडा शून्यावर येतो. ते शून्य तू शांतता म्हणून लिहून आणलंस."

शिष्याच्या डोळ्यांपुढून ती समितीवरची जागा गेली, ती राज्यभरची शहरं गेली. मग तो म्हणाला, "पण सर, जे घडलंच नाही त्याचा पुरावा समितीला कुठून देऊ? इथे एकही माणूस साक्ष देणार नाही."

"एक देईल," आचार्य म्हणाले. "मी चौकात होतो तेव्हा तू काय करत होतास?"

शिष्याने आठवून पाहिलं. सरांनी हात जोडून फोटोग्राफर शोधायला मान वळवली, तेव्हा त्याच्या पोटातून हसू उसळलं होतं. ते ओठांपर्यंत आलं होतं. आणि त्याच क्षणी त्याची नजर आपोआप वर, खांबाकडे गेली होती. त्या शहरात त्याचं ना रेशन होतं ना नळ. तो तर पाहुणा होता.

त्याचा चेहरा उतरला. आचार्यांनी उशी जागेवर ठेवली आणि त्याच्यासाठी चहा मागवला.

समितीकडे अहवाल वेळेवर गेला. आकडे होते तसेच होते, फक्त त्यांच्याआधी एक वाक्य नव्याने आलं होतं: "शिमग्याच्या दिवशी, कॅमेऱ्याच्या खांबाखाली, मलाही हसू आलं होतं, पण मी हसलो नाही."