बुडाखालचं गाढव

एक पाय गणितात आणि दुसरा लोकसाहित्यात, अशा दोन डगरींवर उभे राहून प्रा. खांबेट्यांचे केस पिकले, पण बढती काही मिळेना. गणितवाले त्यांना गोष्टीवेल्हाळ म्हणत, लोकसाहित्यवाले आकडेमोड्या म्हणत, आणि खांबेट्यांच्या मते दोघांचंही बरोबर होतं.

या खेपेला मुलाखतीत निवड समितीचे अध्यक्ष डॉ. राजोपाध्ये यांनी त्यांची फाइल बोटाने दूर सारली. "तुमच्या गणिताच्या निबंधांचा उल्लेख तुम्ही सोडून एकानेच केलाय!"

"तोही चूक दाखवायला," खांबेट्यांनी भर घातली.

"आणि लोकसाहित्यावरच्या लेखाचा तर कुणीच नाही. अहो, बढती मागण्याआधी स्वतःकडे बघावं. आपले पूर्वज सांगूनच गेलेत, गाढवं मोजणाऱ्याने बुडाखालचं आधी मोजावं!"

खांबेटे खुदकन हसले. "साहेब, ती म्हण पूर्वजांची नाही, माझी आहे. मोजताना स्वतःला विसरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी ती वर्गात रचली. पुढे ती गावोगाव कशी पसरली, त्यावरच तो लेख आहे."

समितीतल्या कारखानीसबाईंनी मान डोलावली. तो लेख त्यांनीच आपल्या नियतकालिकात छापला होता.

"असेल तुमची, पण म्हण सांगताना मी तुमचं नाव कुठे घेतलं?" अध्यक्ष गुरकावले.

"गणितात माझं नाव घेतात ते चूक काढायला. लोकसाहित्यात नाव गळून पडलं, की समजायचं माल खपला." खांबेट्यांनी नम्रपणे हात जोडले. "तेव्हा एक उल्लेख वाढवून घ्या, साहेब. बाकी सगळे मोजलेत, आपल्या बुडाखालचा तेवढा राहिला."