गुनवोर सुईण आणि काळे देवमासे

या, पांघरुणं घ्या. पाय आत घ्या आधी. आजची गोष्ट लांबची आहे.

एकदा काय झालं, पार उत्तरेकडच्या समुद्रात सतरा बेटं होती. तिथलं पाणी इतकं गार, की हात घातला तर हाडं ठणकतील. झाड म्हणून एक नाही. नुसतं गवत. घरांच्या छपरांवरसुद्धा गवत, आणि त्या छपरांवर मेंढ्या चरायच्या, बरं का.

त्यातल्या एका बेटावर गुनवोर नावाची सुईण राहायची. सुईण म्हणजे बाळंतपण करणारी बाई. कुणाच्या घरी बाळ येणार असलं की तिला बोलावणं यायचं. मग ती होडी काढायची आणि एकटी वल्हवत जायची. बेटांवरची निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली.

वाटेत धुकं उतरलं तर? तर गुनवोर वल्हं पाण्यात बुडवायची आणि त्याची मूठ कानाला लावायची. लाकडातून समुद्राचा आवाज वर येतो. लाटा खडकावर कुठे फुटतायत ते तिला कळायचं. देवमाशांचं बोलणंही ऐकू यायचं. टकटक, टकटक, मधेच एक लांब शीळ.

आता, देवमासा म्हणतात खरं, पण तो मासा नव्हे. त्याला श्वास घ्यायला पाण्यावर यावं लागतं. डोक्यावर एक भोक असतं, त्यातून फुस्स करून श्वास सोडतो. त्याचं रक्त आपल्यासारखंच ऊन. आणि त्याची आई अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देते, अंगावर पाजते. तिथले देवमासे काळेभोर, गोल कपाळाचे, होडीएवढे लांब. सगळं खानदान मिळून राहतं. आई, मावश्या, पोरं, सगळे. आणि सगळ्यांच्या पुढे कोण? तर आजी. हसताय काय? आजीच. ती जाईल तिकडे कळप जातो.

बेटावरचे लोक या देवमाशांची शिकार करायचे. तिथे धान्य पिकत नाही, मग खाणार काय? कळप दिसला की सगळ्या होड्या निघायच्या. कळपामागे अर्धा गोल करायच्या. माणसं दोरीला बांधलेले दगड पाण्यात आपटायची आणि कळपाला हळूहळू खाडीतल्या वाळूकडे न्यायची. मग मांस अख्ख्या गावात वाटायचं. आजाऱ्याचा वाटा आधी. उरलेलं वाऱ्यावर सुकवायचं आणि हिवाळाभर पुरवायचं.

एका वर्षी हिवाळा फार वाईट गेला. मेंढ्या बर्फात गाडल्या गेल्या. मासे किनाऱ्याकडे फिरकेनात. लोक समुद्रातलं शेवाळ उकळून खायला लागले. थंडी सरली तेव्हा गुनवोरनं गावात दोन बाळंतपणं केली. बाळं नीट झाली, पण उपाशी आयांना दूध कुठून येणार? त्यातल्या मारितची मुलगी तर रडायचीही थांबली. रडणाऱ्या बाळाची सुईणीला काळजी नसते. न रडणाऱ्याची असते.

मग एक दिवस कळप दिसला. होड्या निघाल्या. पण अर्ध्या वाटेत धुकं आलं आणि देवमासे निघून गेले.

आठ दिवसांनी पुन्हा कळप दिसला. पण समुद्र खवळला होता. शिकारीचा म्होरक्या होता याकुप, मोठा करारी म्हातारा. तो म्हणाला, आज एकही होडी निघणार नाही. लोक चिडले, पण त्याचं ऐकलं. समुद्रावर त्याचा शब्द चालायचा.

तिसऱ्या वेळी मात्र आभाळ स्वच्छ होतं आणि पाणी शांत. वल्हवायला हात कमी पडले, कारण निम्मे लोक अशक्त झालेले. म्हणून गुनवोरही आपली होडी घेऊन निघाली. होड्यांनी अर्धा गोल केला. कळप खाडीकडे वळला. किनाऱ्यावर मारित मुलीला पोटाशी धरून उभी होती. सगळं जमत आलं होतं.

आणि कळप थांबला.

लोकांनी दगड आपटले, ओरडले. कळप हलेना. गुनवोरनं वल्ह्याची मूठ कानाला लावली. टकटक नाही, शीळ नाही. सगळे गप्प. फक्त एक बारीक आवाज, थांबून थांबून येणारा. तिनं नीट पाहिलं. कळपातल्या बायकांनी मधे एकीला घेरलं होतं. काही डाव्या अंगाला, काही उजव्या. म्हातारी, कळपाची आजी, तिच्या डोक्याशी.

हे चित्र गुनवोरनं शंभर घरांत पाहिलं होतं. तिनं होडी याकुपच्या होडीला लावली.

"याकुपकाका, दगड थांबवा," ती म्हणाली. "मधली बाळंत होतेय."

याकुपनं किनाऱ्याकडे पाहिलं. "मारितच्या घरी काय चाललंय, ते माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक आहे, गुनवोर."

"ठाऊक आहे. कालची रात्र मी तिच्याच उशाशी काढली," ती म्हणाली. "पण कळा देणाऱ्या बाईच्या दारात मी आजवर कुणाला दंगा करू दिला नाही. इथे कसा करू देऊ?"

याकुपनं आपला दगड होडीत ठेवला. त्याचं पाहून दुसऱ्यानं ठेवला. मग तिसऱ्यानं.

सगळे थांबले. पाणी थोडं लाल झालं. आधी इवलीशी शेपटी दिसली, मग अंग, मग डोकं. देवमाशाचं पिल्लू शेपटीकडून येतं, बरं का, म्हणजे पाण्यात गुदमरत नाही. पण पहिला श्वास वर येऊनच घ्यायचा, आणि पिल्लाला पोहायला कुठे येतंय? ते खाली जायला लागलं. तशी म्हातारी त्याच्या पोटाखाली शिरली. तिनं त्याला कपाळावर उचललं आणि पाण्यावर धरलं.

फुस्स.

होड्यांमधले मोठमोठे गडी डोळे पुसायला लागले. आता दगड उचलायला कुणाचा हात धजेना. याकुपनं स्वतःची होडी बाजूला घेतली. गोलाला वाट पडली आणि कळप त्या वाटेनं बाहेर निघाला.

आता घरी जायचं कसं? रिकाम्या हातांनी? लोक मान खाली घालून बसले. गुनवोरनं पुन्हा मूठ कानाला लावली. टकटक सुरू झाली होती, घाईघाईची. तिनं ओळखलं. ही भूक लागल्याची टकटक.

ती म्हणाली, हे खायला चाललेत. आपण यांच्या मागे जाऊ या.

एक जण म्हणाला, देवमाशाला वल्ह्यांनी कोण गाठणार? खरंच होतं त्याचं. कळप वाऱ्यासारखा पळतो. पण त्या दिवशी कळपात बाळ होतं. बाळाला पळता येईना, म्हणून म्हातारी सावकाश चालली, आणि ती सावकाश म्हणून सगळे सावकाश. होड्या मागे राहिल्या नाहीत.

समुद्रातून वर आलेला खडकाचा एक सुळका मागे पडला. दुसरा पडला. तिसऱ्या सुळक्यापलीकडे माणसं कधी गेलीच नव्हती. तिथे पाहतात तर काय, पाणी नुसतं खदखदतंय. माकूळ. म्हणजे ते दहा हातांचे बुळबुळीत जीव, हजारो. देवमाशांचं आवडतं खाणं. आणि माकळांमागे आलेले मोठमोठे मासे, माणसाच्या हाताएवढे जाड. होड्यांत नेहमीची मासेमारीची जाळी होतीच, ती लोकांनी टाकली. एकदा ओढली, होड्या अर्ध्या भरल्या. दुसऱ्यांदा ओढली, काठोकाठ भरल्या. तिसऱ्यांदा याकुप नको म्हणाला, नाहीतर बुडालेच असते.

गावात त्या दिवशी घराघरातून धूर निघाला. गुनवोरनं मारितला माशाचं कढत कालवण पाजलं, रोज तीन वेळा. पाचव्या दिवशी तिला दूध आलं. मुलगी अशी काही रडायला लागली, की शेजारच्यांची झोप उडाली आणि कुणी तक्रार केली नाही.

मग शिकार बंद झाली का? नाही, बाळांनो. खोटं कशाला सांगू? बेटावर पोट भरायला शिकार लागायचीच. पण याकुपनं एक नियम घातला. कळपाला वळवायच्या आधी एका सुईणीनं वल्ह्याला कान लावायचा. ती "आज नको" म्हणाली, की होड्या परत. त्यावर वाद नाही. आणि गुनवोरनं ते ऐकायला गावातल्या चार मुलींना शिकवलं.

तिकडे ते पिल्लू मोठं झालं, त्याला पिल्लं झाली. इकडे बेटांवरचे लोक खाऊनपिऊन सुखानं राहिले.

झाली गोष्ट. चला, आता कूस बदला आणि झोपा.