वाळूखालचं खरवडणं

नद्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची गोष्ट. आटलेल्या नदीच्या वाळूत एका म्हाताऱ्या खेकडीने पाण्यासाठी झिरा उकरला होता. पाणी सगळ्यांना, पण पिणाऱ्याने जाताना तोंडभर वाळू बाहेर टाकायची.

एक दिवस बगळेराव आले. "अगं खेकडे, तहानलेल्यांकडून काम करून घेतेस? लाज नाही वाटत? प्या रे, फुकट प्या!"

"ही वाळू रोज आत ढासळते, बगळेराव. ती कोण काढणार, तुमची चोच?" खेकडी फणकारली.

पण ऐकतंय कोण! पाडसाला घेऊन पाण्यावर आलेल्या हरणीलाही ते बरंच वाटलं. त्याला पाजून ती वाळू न काढता तशीच निघाली.

आठव्या दिवशी झिरा नव्हता, खेकडीही नव्हती. नुसती सपाट वाळू, आणि तिच्याखालून येणारा आवाज, खर्र, खर्र. बगळेराव केव्हाच उडाले होते. पाडसाची जीभ बाहेर आली होती.

हरणी खुरांनी वाळू उकरू लागली. मग साळिंदर आलं, ससे आले. दुपार कलली तेव्हा पाणी लागलं. त्यात खेकडीचं कवच पडलं होतं, रिकामं.

सगळे जागच्या जागी थिजले. कवचाच्याही खालून आवाज येतच होता.

"थांबलात का?" हरणी खेकसली. "बाई अजून कामावर आहे."