सगुणाबाईच्या तबकाची कहाणी

ऐका अन्नपूर्णे माते, तुमची कहाणी. घाटमाथ्यावर एक आटपाट गाव होतं. तिथं सगुणाबाई देसाईण राही. तिच्या घरी चांदीचं तबक होतं. गाडीतून पाहुणा उतरला, की तबकात कपबशा मांडी, वाफाळता चहा पुढं करी. पायी आला, त्याला पायरीवर करवंटी.

एके सोमवारी भर दुपारी एक म्हातारी दाराशी आली. पायाला धूळ, हाताला घट्टे. म्हणाली, "बाई, लांबून आले, घसा सुकला. घोटभर चहा दे." देसाईणीनं करवंटी भरली, पायानं पुढं सारली. म्हातारी म्हणाली, "तबकातून दे गं." देसाईण म्हणाली, "ते तुझ्यासाठी नव्हे." दार लोटलं. करवंटी तशीच ठेवून म्हातारी तहानेलीच गेली.

दुसऱ्या दिवशी लेकीला, मथुरेला, बघायला मंडळी आली. तबक भरलं. मथुरा उचलायला गेली, तबक हलेना. आई आली, हलेना. मग देसाई आले, दोन गडी आले, चौघांनी जोर लावला, घाम गाळला; तबक तसूभर हलेना. चहावरची वाफ तेवढी शांत वर जात राहिली. मंडळी घाबरली, उठून गेली. गावात बोभाटा झाला. दारी माणूस येईना. ओसरी ओस पडली.

सगुणाबाई रडू लागली. मथुरा म्हणाली, "आई, ती म्हातारी तहानेली गेली. तिला शोध." देसाईण अनवाणी निघाली. पाणवठ्यावर पुसलं, "म्हातारी पाहिलीत?" "नाही बाई." देवळात पुसलं. "नाही बाई." मग घाटात गेली. तिथं बाया खडी फोडीत होत्या, त्यांच्यात म्हातारी बसली होती. देसाईणीनं पाय धरले. "आजी, चुकले. काय करू?"

"वसा घे."

"वसा कसा करावा?"

"पाच सोमवार करावा. दाराशी येईल त्याला त्याच तबकातून, त्याच कपातून चहा द्यावा. जात पुसू नये, काम पुसू नये. वाकून द्यावा, उरला तर आपण घ्यावा. उतू नये, मातू नये."

पहिल्या सोमवारी देसाईणीनं खडी फोडणाऱ्या येसूला बोलावलं. चहा ओतला, पण तबक उचलेना. येसू दारातून म्हणाली, "बाई, मी हात लावू?" देसाईण थबकली. चार पिढ्यांत त्या घरात असा हात कशालाही लागला नव्हता. मग म्हणाली, "लाव गं बाई." येसूनं एक कड धरली, देसाईणीनं दुसरी. तबक फुलासारखं उचललं! दोघी ओसरीवर बसल्या, चहा प्याल्या.

मग दर सोमवारी माणसं वाढली. मथुरेचं चांगल्या घरी जमलं. पाचव्या सोमवारी किटली एक, माणसं शंभर, ओतता सरेना. सर्वांमागून म्हातारी आली. देसाईणीनं वाकून तबक पुढं धरलं. चांदीत पाहिलं, तो म्हातारीचं तोंड दिसेना. नुसतं तेज, आणि त्या तेजात ओसरीवरचे सगळे चेहरे. मान वर केली, पायरी मोकळी. कप रिता.

देसाईण हात जोडून तशीच बसली. येसूनं विचारलं, "बाई, कोण होतं?"

ती म्हणाली, "कोण ते कसं सांगू? पण चहा पिऊन गेली गं."

जशी माता सगुणाबाईच्या दारी आली, तशी तुमच्याआमच्या दारी येवो, तेव्हा आपली मान वाकलेली असो. ही साठा घोटांची कहाणी पाचा घोटी सुफळ संपूर्ण.