महिपत आणि गेमचा व्हिडिओ

भेंडेवाडी नावाच्या गावात महिपत नावाचा एक भोळा विद्यार्थी होता. इतका भोळा, की मास्तरांनी "बस" म्हटलं की "ऊठ" म्हणेपर्यंत बसून राहायचा. एका शनिवारी ते "ऊठ" म्हणायला विसरले, तर सोमवारी जागेवरच सापडला.

शाळेत एकच कॉम्प्युटर होता. नववीची मुलं त्यावर किल्ला राखायचा गेम खेळत आणि त्याचे व्हिडिओ बनवत. हेडमास्तर म्हणत, यातून सगळे विषय शिकता येतात. गावकरी म्हणत, पोरं नुसती खेळतात. तक्रार वर गेली आणि पंचायत समितीचे भोईटे साहेब पाहायला येणार असं ठरलं. मुलं काही शिकली असं दिसलं तर ठीक, नाहीतर कॉम्प्युटर शेजारच्या गावी जाणार होता. महिपतचा जीव टांगणीला लागला. साऱ्या शाळेत त्याला येत असलेली एकच गोष्ट म्हणजे हा गेम.

म्हणून साहेबांना दाखवायचा व्हिडिओ त्यानेच करायचा असं ठरलं. त्याने अर्धा तास किल्ला राखला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मराठीच्या देवकर बाईंनी कपाळाला हात लावला.

"अरे, बघणाऱ्याला कळणार कसं? हाताने जे करशील ते तोंडाने सांगत जा."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी गणिताची चाचणी होती. महिपतने पेन उचललं आणि मोठ्याने म्हणाला, "मित्रांनो, आता मी छप्पन्नला सातने भागतोय. नऊ आले. बघा, खाली लिहिले." मित्रांनीही लिहिले. चाळीस पेपरांत एकच चूक निघाली.

पाचंगे सर गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवत, त्यामुळे त्यांचा रागही दुप्पट होता.

"तोंड मिटून बसायचं. काय सांगायचं ते कागदावर लिही आणि कागद माझ्याकडे आणून दे."

"बरं सर."

दोन दिवसांनी प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा कलंडला आणि तेच चाळीस पेपर पेटले. महिपतने वहीतला कागद फाडला. समास सोडला. तारीख घातली. "पेपर पेटले आहेत" असं सुवाच्य अक्षरात लिहून व्हरांड्यातल्या सरांच्या हाती कागद दिला. सरांनी चष्मा शोधून वाचेपर्यंत राख झाली होती. वर्गाला त्याचं फारसं दुःख झालं नाही.

"अरे गाढवा, काही पेटलेलं दिसलं की आधी पाणी ओतावं."

"बरं सर."

मग व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. या वेळी महिपत छान बोलत होता. बाई मान डोलावत होत्या. एवढ्यात गेममधल्या शत्रूने बुरुजाला आग लावली. महिपत उठला, कोपऱ्यातला माठ उचलला आणि कॉम्प्युटरवर रिकामा केला.

कॉम्प्युटर तीन दिवस उन्हात वाळवला. चालू झाला, पण व्हिडिओ गेला आणि नवा करायला दिवस उरले नाहीत. हेडमास्तर स्वभावाने गरीब. त्यांनी महिपतला जवळ बसवून शांतपणे समजावलं.

"बाळा, स्क्रीनवर दिसतं ते खरं नसतं. तिथे कोणी जळो, पडो, मरो, आपण जागचं हलायचं नाही. पडलेला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो."

"बरं सर."

साहेबांचा दिवस उजाडला. हेडमास्तरांनी आपला मोबाइल महिपतला दिला आणि साहेब ओढा ओलांडून येताना शूटिंग घ्यायला पाठवलं. ओढ्यात पाय ठेवायला सात दगड होते. साहेब पाचव्यावरून घसरले आणि कमरेइतक्या पाण्यात गेले. महिपतने ते मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिलं.

"अरे, हात दे," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. तुम्ही पुन्हा पहिल्या दगडापासून सुरू करा."

साहेब गारठून गोंधळले होते. इकडची हीच रीत असेल असं वाटून ते मागे गेले. दुसऱ्यांदाही पाचव्यावरच घसरले. तिसऱ्यांदा पोचले.

शाळेच्या खोलीत पालक दाटीवाटीने बसले होते. त्यांत महिपतची आईही होती. साहेबांनी ओल्या धोतरासारखी चिकटलेली पँट पिळली आणि विचारलं, "व्हिडिओ कुठंय?"

महिपतकडे एकच होता. त्याने तो लावला. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"मित्रांनो," महिपतचा आवाज आला, "साहेब पाचव्या दगडावर आहेत. सातातले पाच झाले, दोन राहिले. या दगडावर शेवाळ आहे. म्हणजे घर्षण कमी. आता साहेब घसरतील. साहेब घसरले."

कोणी हसलं नाही, पण हसू दाबताना दोघांना ठसका लागला. साहेबांनी पँटचा दुसरा पायही पिळला. मग म्हणाले, "गणित बरोबर. विज्ञान बरोबर. बोलणं तर माझ्या ऑफिसातल्या लोकांपेक्षा स्वच्छ. कॉम्प्युटर इथेच राहू दे. मी तसा शेरा लिहितो."

देवकर बाईंना भरून आलं. पोरगं खरंच शिकलं होतं. साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि महिपतकडे वळले.

"पण बाळ, हे प्रकरण या खोलीच्या बाहेर जाता कामा नये. काही झालं तरी."

"बरं साहेब."

महिपतने मोबाइल टेबलावर ठेवला. बाहेर आला. दार ओढून घेतलं, कडी घातली आणि कडीला किल्लीसकट लटकणारं कुलूप लावलं. आतून दार वाजू लागलं. साहेबांनी पेनचं टोपण परत लावलं.

"महिपत, दार उघड," आईचा आवाज आला.

"नाही आई. साहेबांनी सांगितलंय."

किल्ली खिशात टाकून तो घरी गेला. कधी नव्हे ते सांगितलेलं काम बिनचूक झालं होतं. हात-पाय धुऊन त्याने पाट मांडला, ताट घेतलं आणि आई वाढायला कधी येते याची वाट बघत बसला.