पाचूचे कडे

एका राज्यात अंशुला नावाची नदी होती, आणि ती आज्ञा ऐकत असे. राज्याच्या जलाध्यक्षाच्या मनगटात पाचूचे कडे असे. ते ज्याच्या हाती, त्याचा बोल नदी पाळी. थांब म्हटले की थांबे, वळ म्हटले की वळे.

कडे घडवले होते एका मांत्रिकाने. राजाने त्यालाच जलाध्यक्ष केले नाही, या रागाने त्याने कड्यात शापही ओतला: घालणाऱ्याच्या हातून ते जिवंतपणी निघणार नाही.

जलाध्यक्ष झालेल्या हेमांगदाने ते घातले तेव्हा तो तरणाबांड होता. पाण्याच्या खळखळाटावरून उद्याचा पाऊस सांगे. आता त्याची दाढी पिंजलेल्या कापसासारखी झाली होती. एका सकाळी घाटावर उभे राहून त्याने कान दिला, तर माणसे ऐकू आली, पाखरे ऐकू आली, नदी तेवढी आली नाही. त्याने अंदाजाने आज्ञा दिली. पूर्वेच्या शिवारातली उभी साळ बुडाली.

पूर्वेच्या पाटाचे पाणी सोडणारी पाटकरीण चारुमती चिखलाने माखून आली. हात जोडलेले, पण आवाज ठाम.

"स्वामी, नदी आपले ऐकते. आपण नदीचे ऐकत नाही."

"ठाऊक आहे," हेमांगद म्हणाला आणि त्याने मनगट पुढे केले. कडे मांसात रुतले होते. "पण हे निघत नाही."

तेव्हा वाळूतली टिटवी बोलली, "उगमावर यक्ष आहे. तो कडे उतरवतो, पण तीन गोष्टी मागतो. गेलेला कोणी परतला नाही."

आपल्या पदाचे छत्र घेऊन हेमांगद निघाला. रान ओलांडले, कडा चढला, उगमाशी पोचला. तिथे आधीचे जलाध्यक्ष दगड होऊन उभे होते, आणि प्रत्येकाच्या मनगटावर कड्याचा वळ होता.

यक्ष म्हणाला, "छत्र दे."

त्याने दिले. यक्षाने ते वर भिरकावले, त्याचा पांढरा ढग झाला.

"बिरुद दे."

हेमांगदाने आपले बिरुद यक्षाच्या तळहातावर उच्चारले. शब्दाचा भुंगा झाला आणि उडून गेला. मग ते बिरुद काय होते, हे त्याला स्वतःलाही आठवेना.

"आता तिसरे. उत्तर दे. कडे उतरले, तर उद्या तू कोण? हे सारे 'कोणीच नाही' म्हणाले, आणि दगड झाले. कडे तेवढे नदीने परत राज्यात नेले."

 हेमांगदाच्याही ओठांवर तेच आले होते. तो खाली पाहू लागला. पायाशी पालापाचोळ्याने धार अडली होती. सवयीने तो वाकला, पाला काढला, धार वाहती केली. मग तसाच वाकलेला राहून म्हणाला, "मी पाटकरी. गाळ उपसेन, पाटांची दारे उघडेन. ज्याला नदी ऐकू येते, त्याच्या आज्ञेत राहीन."

कडे मनगटावरून घसरले आणि पाण्यात पडले. दगडाच्या माणसांच्या डोळ्यांतून झरे फुटले.

हेमांगदाने कडे आणून सुकेतू राजापुढे ठेवले. राजा म्हणाला, "पद सोडणाऱ्याने वनात जावे, हे बरे दिसते. इथे राहिलात तर लोक काय म्हणतील?"

"महाराज, मला पद सोडायचे आहे. नदी सोडायची नाही."

राजाने चारुमतीला बोलावले. नदी तिला ऐकू येत होती, म्हणून कडे त्याने तिला दिले. तिने ते घातले, काढून पाहिले, पुन्हा घातले. ते सहज निघत होते.

दुसऱ्या सकाळी पाटकरी घाटावर जमले. हेमांगद शेवटच्या रांगेत उभा राहिला. चारुमतीला त्याच्याकडे पाहून बोलवेना.

"आज्ञा द्या," तोच म्हणाला.

"दक्षिणेचे दार उघडा, स्वामी."

हेमांगदाने उत्तरेचे उघडले असते. शब्द जिभेवर आलाही, तो त्याने गिळला. "जशी आज्ञा," म्हणून तो कंबरभर पाण्यात उतरला आणि त्याने दाराला खांदा दिला. नदी दक्षिणेला वळली. तहानलेली शिवारे भिजली, उत्तरेचे बांध शाबूत राहिले. चारुमतीचे बरोबर होते. त्याला क्षणभर बोचले, मग हसू आले.

दुपारी पाटकऱ्यांनी सरकून सावलीत त्याला जागा केली. एकाने भाकरी पुढे केली आणि अडखळला, "आपल्याला आता काय म्हणायचे?"

"हेमांगद म्हण. आणि मिरची दे."

पुढे चारुमतीनेही वेळ येताच कडे उतरवले आणि ती पाटात उतरली. तिच्या मागच्यांनीही तेच केले. त्या राज्याची घडी अशी बसली. ही गोष्ट ऐकणाऱ्यांच्या राज्यातही बसो.